म्हशी खऱ्या होत्या

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरी वाटली नाही, आणि आमच्या बायकोने तर एकदा माझ्या शब्दावर विश्वास ठेवून माझ्याशी लग्नसुद्धा केलेलं आहे. तरी सांगतो, कारण म्हशी खऱ्या होत्या.

जळगावहून निघालेली आमची एस.टी. तापीच्या पुलाअलीकडे उभी होती आणि तिच्या चहूबाजूंनी म्हशी होत्या. काळ्याभोर, ओल्या, नुकत्याच नदीतून वर आलेल्या. पुढे म्हशी, मागे म्हशी, आणि एक म्हैस दारातून मान आत घालून कंडक्टरकडे बघत होती, जसं काही तिला रावेरचं तिकीट हवं होतं.

झालं होतं असं, की गाडीचा हॉर्न अडकला होता. ड्रायव्हरने एकदा दाबला तो वाजतच राहिला. आणि आवाज कसा, तर भुकेल्या पारडाने आईला हाक मारावी तसा. नदीत डुंबणाऱ्या झाडून साऱ्या म्हशींना वाटलं, आपलंच लेकरू रस्त्यावर अडकलंय.

"वायर तोड ना भो!" ड्रायव्हर ओरडला.

"कोणती?"

"बोंबलती ती!"

कंडक्टरने एक वायर तोडली. हॉर्न तसाच राहिला, वायपर तेवढे सुरू झाले. पुढच्या म्हशीला ते आवडले असावेत. ती काचेला आणखी चिकटली.

माझ्या शेजारच्या बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही डावीकडची तर आमचीच! आलीच आहे तर धार काढून घेते." माझ्या बाटलीतलं पाणी त्यांनी खिडकीबाहेर ओतलं आणि बाटली घेऊन उतरल्यासुद्धा. हे मी या दोन डोळ्यांनी पाहिलं. चष्मा लावून.

एरवी असल्या ठिकाणी मी संध्याकाळपर्यंत मजेत बसलो असतो. म्हशींनी वेढलेली एस.टी. म्हणजे माझ्यासारख्या माणसाला पुढे दहा वर्षं पुरेल असा शिधा. पण त्या दिवशी मला वेळेवर पोचायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

पोचायचं होतं बोरखेड्याला, तोताराम बेंडाळेच्या शेतावर, भरीत खायला. तोताराम, प्रल्हाद सरोदे आणि मी, आम्ही तिघं भुसावळच्या बोर्डिंगात एका खोलीत वाढलो. पुढे तोतारामने वडिलांची शेती धरली, प्रल्हाद रेल्वेत गार्ड झाला आणि मी शाळेत भूगोल शिकवला. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांना ॲमेझॉनच्या जंगलाची जी माहिती आहे ती जगात दुसऱ्या कुणालाच नाही. ते असो. पण दर हिवाळ्यात, भरताची हिरवी-पांढरी वांगी नारळाएवढी झाली की एका रविवारी तिघांनी तोतारामच्या शेतात जमायचं आणि दुपारी पंगत मांडायची, हा आमचा नेम. त्यात बायकांच्या आजारपणांनी खंड पाडला नाही, नंतर त्या दोघांच्या बायकांच्या जाण्यानेही नाही. तोतारामची गेली त्या वर्षीसुद्धा त्याने जाळ पेटवला होता.

कामं ठरलेली. वांगी निवडणं, त्यांना टोचे मारणं, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून ती भाजणं, मग मिरची-लसूण घालून लाकडी उखळीत कुटणं, हे सगळं तोतारामचं. टोचे सर्वांत महत्त्वाचे. वांगं जाळात जाण्याआधी चाकूने चार-पाच ठिकाणी भोसकायचं, म्हणजे आतली वाफ निघून जाते. नाही भोसकलं तर वांगं फुगत जातं आणि मग ते वांगं राहत नाही, दिवाळी होते. त्यासाठी तोतारामकडे शिंगाच्या मुठीचा एक चाकू होता. तो चाकू त्याने कधी कुणाच्या हातात दिला नाही. प्रल्हादचं काम लसूण सोलण्याचं, आणि जेवण तयार झालं की गार्डाची शिट्टी फुंकण्याचं. निवृत्त झाला तरी शिट्टी गळ्यात असायचीच. माझं काम लांब बसण्याचं. एका वर्षी माझ्याकडे मीठ दिलं होतं. बोलता बोलता मी ते तीनदा टाकलं. तेव्हापासून मला पाण्याच्या तांब्यालाही हात लावू देत नसत.

तर मग घाई का होती? आठवड्याभरापूर्वी तोतारामच्या मुलाचा, हेमंतचा, पुण्याहून फोन आला होता.

"ओंकारकाका, बाबांचं तुम्हाला काही जाणवतं का?"

"काय जाणवायचं?"

"विसरतात. परवा गॅस चालू ठेवून शेतात निघून गेले. शेजारच्या मंगलामावशींना वास आला म्हणून निभावलं. मी त्यांना पुण्याला आणायचं म्हणतोय. ते ऐकत नाहीत. म्हणतात, भरिताला ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ मी ठीक आहे का."

"मग?"

"मग येतोय. सगळं त्यांनी एकट्याने नीट केलं तर पुढच्या वर्षापर्यंत मी विषय काढणार नाही. पण काही गडबड झाली, तर काका, संध्याकाळी गाडीत घालून घेऊन जाणार. मला तिकडे रात्रीची झोप नाही हो."

पोरगा चांगला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. त्याच्यावर चिडायला जागाच नव्हती, हीच पंचाईत.

मग मी तोतारामला फोन केला. म्हटलं, "काय रे, पुण्याला जाऊन राहा की. लिफ्ट आहे, नातवंडं आहेत."

तो म्हणाला, "तिथं तिसऱ्या मजल्यावर मी जाळ कुठं पेटवू, ओंकार?"

म्हणून मी लवकरची गाडी धरली होती. तोतारामच्या आजूबाजूला घोटाळायचं, तो काही विसरला की हळूच खोकायचं, असा माझा बेत होता. आणि आता बेताच्या चहूबाजूंनी म्हशी होत्या.

मी उतरलो. म्हशींच्या पाठींना हात लावत, "माफ करा, माफ करा" म्हणत पलीकडे निघालो. एकीने माझं धोतर धरलं. ते मी तिच्याकडेच सोडलं असतं, पण आत काय घातलं होतं ते आठवलं आणि झटापट करून परत मिळवलं. पुलावर केळी भरायला निघालेला एक रिकामा ट्रक भेटला. ड्रायव्हर सातपुड्याकडचा तडवी होता, भला माणूस. त्याच्या शेजारच्या सीटवर बकरी बसली होती.

"चाचा, मागे बसावं लागंल. हिला मागं बसवलं तर उलट्या होत्यात."

मी मागे बसलो. रिकाम्या ट्रकात, केळीच्या वाळक्या पाल्यावर, बकरीच्या खालच्या दर्जाचा प्रवासी म्हणून. ट्रक असा उधळत होता की मी निम्मा रस्ता बसून केला आणि निम्मा हवेत. हवेतला बरा होता. एकदा तर मी उडालो, ट्रक पुढे गेला आणि मी खाली आलो तेव्हा ट्रक खड्ड्यासाठी थांबला होता म्हणून बरं, बरोब्बर त्याच जागी येऊन टेकलो.

बोरखेड्याच्या फाट्याच्या अलीकडेच मला तोतारामच्या शेतातून वर चढणारा धूर दिसला. वास तर त्याच्याही आधी आला. भाजक्या वांग्याच्या करपत्या सालीचा वास मी मेलेला असलो तरी ओळखीन. तोंडाला असं पाणी सुटलं की मी ट्रकवाल्याचे आभारसुद्धा नीट मानू शकलो नाही. नुसती मान हलवली आणि बकरीला नमस्कार केला.

शेतात तोताराम एकटाच होता. प्रल्हादला आणायला हेमंत भुसावळ स्टेशनवर गेला होता. तोतारामने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोक्यात केळीचा पाला, धोतराला म्हशीच्या दातांची नक्षी.

"काय रे भो, कुस्ती खेळून आला का?"

"म्हशी होत्या."

"दरवर्षी काही ना काही असतेच तुझं. मागच्या वर्षी रानडुक्कर होतं."

"ते रानडुक्कर खोटं होतं. म्हशी खऱ्या आहेत."

तो हसला. हसताना तो अगदी पहिल्यासारखा दिसला. अंगावर पांढरी धुतलेली बंडी, दाढी केलेली. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा नीटनेटका. उखळ धुऊन पालथी घातली होती, मिरच्या देठं काढून मांडल्या होत्या, कांद्याची पात चिरून ओल्या फडक्याखाली ठेवली होती. मी मनात म्हटलं, पास.

मग त्याने शिंगाच्या मुठीचा तो चाकू माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ओंकार, टोचे तू मार. मी पाणी घेऊन येतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्यावर काम सोपवलं आणि मी काय केलं? मी बांधावर बसलो आणि म्हशींच्या गोष्टीत एकूण म्हशी किती सांगायच्या याचा विचार करू लागलो. तीस म्हणाव्यात तर कमी वाटतात, शंभर म्हणाव्यात तर कुणी मानत नाही. या हिशेबात टोचे राहून गेले. हा माझा स्वभावच. काम दिलं की मला गोष्ट सुचते.

तेवढ्यात हेमंतची गाडी आली. प्रल्हाद उतरला. कानाने तो पार गेला होता, पण आवाज गार्डाचाच.

"आला का थापाड्या?"

"आलो. वाटेत म्हशी..."

"काय?"

"म्हशी!"

"मावशी? कोणाची मावशी?"

हेमंतने मला वाकून नमस्कार केला आणि जाळाकडे जाऊन उभा राहिला. वडिलांच्या हालचालींवर त्याचं बारीक लक्ष होतं. मिरची बघितली, मीठ बघितलं, पाण्याची घागर झाकलेली बघितली. चेहरा हळूहळू सैल होत गेला. "बाबा, मस्त तयारी केलीत की," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी पहिलं वांगं फुटलं.

फुटलं म्हणजे काय, तोफ डागली म्हणा. जाळातून निखारे उडाले, कावळे उडाले आणि प्रल्हादने सवयीने शिट्टी फुंकली. त्याच्या शिट्टीवर दुसरं वांगं फुटलं. मग एकामागून एक, जणू प्रल्हाद हिरवा झेंडा दाखवतोय आणि वांगी सुटताहेत. हेमंत मोटारीआड गेला. मी उखळीआड. एक वांगं सालीसकट उडून शेजारच्या शेतातल्या बुजगावण्याच्या तोंडावर बसलं. त्याला पहिल्यांदाच चेहरा मिळाला, आणि तो इतका माझ्यासारखा होता की तिथले लोक पुढे कितीतरी दिवस त्याला "मास्तर" म्हणत होते. एक गोळा रस्त्यावरून चाललेल्या एस.टी.च्या खिडकीतून आत गेला. ती आमचीच एस.टी. होती. म्हशी सोडून ती आता कुठे पोचत होती, आणि आतून त्या बाईंचा आवाज आला, "अगं बाई, भरीत!"

मग शांत झालं. जाळाभोवती वांग्याच्या चिंध्या, धूर आणि मधोमध तोताराम. तो जाग्यावरून हलला नव्हता. अंगावरच्या पांढऱ्या बंडीचं पार भरीत झालेलं. पायाशी पडलेलं एक फुटकं वांगं त्याने उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. सालीवर अंगठा फिरवला. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो हात कुणा दुसऱ्याचा होता.

हेमंत मोटारीआडून बाहेर आला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"बाबा, टोचे मारले नव्हते?"

तोतारामने ते वांगं पुन्हा उलटं करून पाहिलं.

"माझं काम होतं ते," मी उखळीआडून म्हटलं.

"काय?"

"टोचे. तुझ्या बापाने मला सांगितलं होतं मारायला. मी बांधावर बसून म्हशी मोजत राहिलो."

"काका, तुम्हाला सांगितलं? तुम्हाला तर बाबा मीठही टाकू देत नाहीत."

"म्हणूनच तर. मीठ जमलं नाही, म्हटलं वांगी देऊन बघू."

प्रल्हादला एवढं बरोबर ऐकू आलं. "याले काम देलं कोणी?" तो गरजला. "सांगा मले, कोणी देलं याले काम?"

सगळे तोतारामकडे बघू लागले. तो माझ्याकडे बघत होता. चांगला वेळ बघत राहिला. मग फुटकं वांगं अलगद खाली ठेवून म्हणाला, "मी देलं. चुकलं माझं."

पुढची दुपार माझ्या उद्धारात गेली. प्रल्हादने मला बोर्डिंगातल्या दिवसांपासून शिव्या दिल्या. त्यातल्या काही तर मी विसरूनच गेलो होतो, छान होत्या. एकच वांगं काठाला घरंगळलं होतं म्हणून वाचलं होतं. ते तोतारामने कुटलं. सालीला चिकटलेलं, गवतावरून वेचलेलं, जे जे मिळालं ते त्यात गेलं. कांदा फोडायला त्याने खिशातून शिंगाच्या मुठीचा चाकू काढला. माझ्याकडून तो परत कधी घेतला कोण जाणे, माझं लक्ष जेवणाकडे होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर आम्ही चौघांनी ते खाल्लं. थोडी राख, थोडी माती, एक-दोन मुंग्या. असं भरीत मी त्याआधी खाल्लं नव्हतं आणि नंतरही नाही. मीठ मात्र अगदी बरोबर होतं.

उन्हं उतरली तसं माझं लक्ष मोटारीकडे जायला लागलं. हेमंत मोटारीभोवती फिरत होता. मागचं दार उघडलं, बंद केलं. पुन्हा उघडलं. त्यातून एक शाल काढली आणि आत जाऊन तोतारामच्या खाटेवर ठेवून आला.

"येतो बाबा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी परत येतो भरिताला." मग माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही मात्र लांब बसा."

प्रल्हादला घेऊन त्याची गाडी गेली. जाता जाता त्याने मंगलामावशींच्या दाराशी गाडी थांबवली. दुसऱ्या दिवसापासून तोतारामला दोन वेळचा डबा त्यांच्याकडून येऊ लागला, आणि आठवड्याच्या आत गॅसची टाकी घरातून गेली. वांगी मी फोडली आणि टाकी तोतारामची गेली, याचा मेळ मला लागला नाही. पण आम्ही भूगोलाची माणसं. सगळ्याच गोष्टी आम्हाला कळायला पाहिजेत असं नाही.

तोताराम मला फाट्यावर सोडायला आला. एस.टी. येईपर्यंत आम्ही दोघं मैलाच्या दगडावर टेकून उभे होतो. गाडी दिसली तेव्हा त्याने माझ्या डोक्यातलं केळीचं एक वाळकं पान काढून टाकलं.

"पुढच्या वर्षी लवकर ये भो," तो म्हणाला. "जाळ पेटायच्या आत ये."

"म्हशींवर आहे सगळं."

"म्हशी खऱ्या होत्या?"

"खऱ्या होत्या रे."

त्यानंतर तोताराम आपल्याच घरात, आपल्याच शेतावर आणखी काही हिवाळे राहिला. शेवटी शेवटी मला ओळखायचा नाही, पण मी बोलायला लागलो की म्हणायचा, "हा थापा मारतो, याला लांब बसवा." गेला तोही तिथेच, बांधावरच्या लिंबाखाली, ऊन खात.

गेल्या हिवाळ्यात हेमंतने आम्हाला पुन्हा बोलावलं. जळगावहून थेट मोटार पाठवली, त्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा जाळ पेटायच्या आत पोचलो. प्रल्हाद होता, हेमंतची बायको मुग्धा होती, मंगलामावशी होत्या. हेमंत मांडी घालून वांग्यांच्या ढिगापुढे बसला होता. हातात बापाचा शिंगाच्या मुठीचा चाकू. एकेक वांगं उचलायचा, फिरवायचा, भोसकायचा, बाजूला ठेवायचा.

"काका, ती फुटलेल्या वांग्यांची गोष्ट सांगा ना," मुग्धा म्हणाली. "हे नीट सांगतच नाहीत."

मग मी सांगितली. जशी वर लिहिली आहे तशीच, फक्त म्हशी थोड्या वाढवल्या. हॉर्नला सगळे हसले. बाईंनी माझ्या बाटलीत धार काढली, ते मंगलामावशींनी मान डोलावून मान्य केलं. म्हणाल्या, त्या पुलाजवळच्या म्हशी आहेतच तशा. मी ट्रकमधून उडून ट्रकमध्येच पडलो, त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. बुजगावण्याला माझा चेहरा आला, तेव्हा प्रल्हाद म्हणाला, "हो, मी पाहिलं." मी मनातून सुखावलो. म्हातारपणी इतके चांगले श्रोते मिळायला भाग्य लागतं. रंगात येऊन मी तो चाकू, तो बांध, ते राहून गेलेले टोचे, सगळं साग्रसंगीत सांगितलं.

टोचे मारण्याचा आवाज थांबला होता. पाहतो तर हेमंतच्या एका हातात चाकू, एका हातात वांगं, आणि तो माझ्याकडे बघत होता. अगदी तोतारामसारखा.

"म्हशी खऱ्या, काका," तो म्हणाला. "ट्रक खरा, बकरी खरी, बुजगावणंसुद्धा खरं. पण हे खोटं. वांगी भाजल्याचा वास तर तुम्हाला फाट्याच्या अलीकडे ट्रकातच आला होता ना? मग टोचे मारायला तुमच्यापुढे कच्ची वांगी आली कुठून?"